तेरा चोक त्रेपन्न

परवा नातीला शाळेतून आणायला गेले आणि कार्ड घरीच विसरले. सून ऑफिसात, मुलगा पुण्याला, म्हणून ही कामगिरी माझ्याकडे आली होती. नवीन पनवेलच्या त्या शाळेत फोटोचं कार्ड दाखवल्याशिवाय मूल हातात देत नाहीत. दुसरीतली माझी नात आतून "आजी, आजी" करत हात हलवत होती, पण तिची टीचर, अगदी पोरसवदा, दार अडवून उभी.

"सॉरी हं आजी. कार्ड नसेल तर तिच्या आईशी बोलल्याशिवाय नाही सोडता येणार."

"अगं, तिचं नाक बघ आणि माझं बघ. याहून मोठं कार्ड कुठलं?"

ती हसली, पण जागची हलली नाही. "नाक छान आहे. बसा खुर्चीवर, मी फोन लावते."

सुनेचा फोन लागेना. मी बसले, आणि बसल्या बसल्या पार जुन्या पनवेलला जाऊन पोचले.

त्या टीचरच्या वयाची असताना मी तळ्याजवळच्या शाळेत तिसरीला शिकवत होते. तेव्हा कार्डबिर्ड काही नव्हतं. घंटा झाली की फाटकाशी जो काका-मामा उभा असेल त्याच्याबरोबर मूल रवाना. गाव लहान, सगळे एकमेकांना ओळखतात, एवढ्यावर कारभार चालायचा. आणि मी म्हणजे काय विचारता. खळ घातलेली साडी, मनगटावर वडिलांचं घड्याळ, आणि चेहरा असा, की शिक्षणमंत्री आत्ता सल्ला घ्यायला येतायत. वर्गात शिरताना मी चपला मुद्दाम वाजवायचे.

पाढ्यांवर माझा भारी जोर. ज्याचा पाढा चुकेल त्याने शाळा सुटल्यावर थांबायचं, हा माझा कायदा. त्या कायद्यात दोन वेण्यांची एक मुलगी रोज सापडायला लागली. तेरा एके तेरा, तेरा दुणे सव्वीस, तेरा त्रिक एकोणचाळीस, इथवर गाडी नीट यायची. मग, "तेरा चोक त्रेपन्न." मी ओरडायचे, ती मान खाली घालायची. तिची रिक्षा फाटकाशी हॉर्न वाजवून वाजवून निघून जायची. कचेरी सुटली की आई तिला न्यायला यायची. बिचारी ओशाळून म्हणायची, "बाई, घरी तर बरोबर म्हणते हो."

"घरी सगळेच बरोबर म्हणतात," इति मी. मोठ्या बाईंनाही मी सांगून आले होते, की मुलगी जरा मंद आहे, पण मी तिला घडवीन.

घडवीन म्हणे.

एका मधल्या सुट्टीत मी मागच्या ओट्यावर डबा खात बसले होते. खिडकीतून तिचाच आवाज आला. मैत्रिणीला पाढा शिकवत होती.

"बावन्न गं. त्रेपन्न म्हटलंस तर बाई थांबवतील."

"मग तू का म्हणतेस?"

"मला थांबायचंच असतं."

पोळी माझ्या हातातच राहिली. त्या दिवशी शाळा सुटल्यावर मी तिला थांबवलं, पण पाढा विचारला नाही. डब्यातली नारळाची वडी दिली आणि गप्प बसले. गप्प बसणं मला त्या काळी मुळीच जमत नसे. वडी संपली तेव्हा तिनेच सुरुवात केली.

"सगळ्यांना सोडून झालं की रिक्षात मी एकटीच उरते. मग ते काका मला पुढे बसवतात. मांडीवर. नको म्हटलं तरी."

"आईला सांगितलंस?"

"आई म्हणेल, मग तुला आणणार कोण?"

एवढ्याशा पोरीने माझ्याच शिक्षेत लपायला जागा शोधली होती, आणि मी तिला मंद ठरवून मोकळी झाले होते. मी म्हटलं, "सांगितलंस ते फार बरं केलंस. तुझं काही चुकलेलं नाही. आता त्या रिक्षात बसायचं नाही." आणि मोठ्या बाईंच्या खोलीत गेले. या वेळी चपला वाजल्या की नाही, आठवत नाही.

"अहो, तो माणूस वर्षानुवर्षं मुलं नेतोय," मोठ्या बाई म्हणाल्या. "गावात नाव आहे त्याचं. पाढा येत नाही म्हणून सांगत असेल काहीतरी."

"तिला सगळे पाढे येतात, बाई. मंद मी आहे."

मोठ्या बाईंनी चष्मा काढला आणि बराच वेळ पुसला. "तिच्या आईला बोलवा. आणि त्या रिक्षातल्या बाकीच्या मुलींच्या आयांनाही."

आया आल्या. आधी सगळ्या पदराशी चाळा करत बसल्या, मग एक बोलली, तशा दुसऱ्याही बोलल्या. पोलिसात जायला कुणाच्याच घरचे तयार झाले नाहीत. आज गेले असते, आणि जायलाच हवं. पण ती रिक्षा फाटकाशी पुन्हा दिसली नाही. सुटायच्या वेळी मोठ्या बाई स्वतः तिथे खुर्ची टाकून बसायला लागल्या, आणि आलेल्या प्रत्येक मामाला कूळ-मूळ विचारू लागल्या. खरे मामासुद्धा घाबरायचे.

ती मुलगी आई येईपर्यंत माझ्याजवळ थांबायची, आता शिक्षेशिवाय. पहिल्याच संध्याकाळी मी म्हटलं, "हं, म्हण आता तेराचा." बावन्नवर ती जराही अडली नाही. मग चौदा, मग पंधरा, अशी निघाली ती थेट एकोणतीसवर. एकोणतीसचा पाढा मला जन्मात आलेला नाही. मी तळ्याकडे बघत गंभीरपणे मान डोलवत राहिले.

तेवढ्यात इकडे सुनेचा फोन लागला. टीचरने दोन प्रश्न विचारून खात्री केली आणि मगच दार सोडलं.

नात माझ्या बोटाला धरून म्हणाली, "आजी, टीचरने तुला बसवून ठेवलं?"

"हो गं. शिक्षा झाली."

"मग तू काय केलंस?"

"मनात पाढे म्हटले."

"तुला कितीपर्यंत येतात?"

"तीसपर्यंत," मी ठोकून दिलं आणि रिक्षाला हात केला. मागच्या सीटवर आम्ही दोघी ऐसपैस बसलो.