येतो म्हणून गेलेली बाई

माझ्या पहिल्या सिनेमातलं भूत शुद्ध बोलायचं. दारात उभं राहून ते म्हणालं, "मला आत येऊ द्या," आणि अकोल्याच्या हॉलमध्ये मागच्या रांगेतून आवाज आला, "पुन्याचं हाय वाट्टे!" तिथून शेवटपर्यंत लोक हसतच होते. पदरमोड करून भुताचे सिनेमे काढणाऱ्याला याहून मोठी शिवी नाही. पुढं कितीतरी दिवस मी लग्नांचे व्हिडिओ काढत त्या माणसावर दात खात होतो. त्याचं बरोबर होतं, म्हणून जास्तच.

दुसऱ्या सिनेमातलं भूत वऱ्हाडीच बोलणार, असं मी ठरवलं. कॅमेरा सांभाळणारा मित्र म्हणाला, "पागल झाला काय बे? पिच्चरमंदी आपली बोली आयकली का लोक हसतेतच." तेही खरं होतं. त्याचाच तर मला राग होता.

पण भूत बोलणार काय, ते काही सुचेना. एक दिवस त्याच वैतागात बडनेऱ्याच्या घरून पिशवी उचलली आणि "जातो" म्हणून बाहेर पडलो. आई विकायचे हार गुंफत बसली होती. तिनं तिथूनच हाक मारली, "माघारी ये. बस. जातो नाही म्हनू बापू, येतो म्हन." मी निमूट परत आलो, बसलो, पाणी प्यायलो. "येतो" म्हणालो आणि उंबऱ्यातच थबकलो. आमच्याकडे बायाही निघताना 'येतो'च म्हणतात. तसं म्हणून गेलेली बाई वाटेत मेली, आणि तिनं शब्द पाळला तर?

भुताचं काम आईलाच दिलं. नटी परवडत नव्हती हे आहेच, पण तिच्याशिवाय दुसरा आवाज माझ्या कानात बसतच नव्हता.

पुन्हा अकोला, पुन्हा तोच हॉल. दुपारचा खेळ. आई नवं लुगडं नेसून शेजारी बसलेली. मागच्या वेळी लोक मला हसले होते, आता हसले तर माझ्या आईला हसणार होते.

पडद्यावर नवऱ्यानं बायकोची तेरवी उरकून दाराला कडी लावली. बाहेरून आईचा आवाज आला, अगदी रोजचा.

"उघड न. येतो म्हनलं होतं न मी."

कोणी हसलं नाही. मग मागून एक बाई "वो माय!" करून ओरडली आणि मला रडूच आलं. आईनं माझा हात घट्ट धरला होता. "मीच भेली न बाप्पा," ती कुजबुजली.

सिनेमा सुटल्यावर एक धिप्पाड गडी हात मिळवायला आला. "मस्त बनवला भाऊ. चला, ये..." म्हणता म्हणता त्याची नजर माझ्या शेजारच्या आईवर गेली.

"जातो," तो म्हणाला आणि वळला.

"अरे, येतो म्हन!" आई मागून ओरडली.

तो पळतच सुटला.