काळं उतरवायचा दिवस

फिलोमेना गेल्याचा फोन आला तेव्हा मी अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडत होते. हॉस्पिसची नर्स हळू आवाजात सांगत होती, सकाळी सव्वासातला गेल्या, त्रास झाला नाही. मी तिला थँक यू म्हटलं, फोन खिशात टाकला आणि पुन्हा खरवडायला लागले. पुढची काच झाली, मागची झाली, बाजूच्याही झाल्या. मग मी शेजारच्याची गाडी खरवडायला घेतली, तेव्हा तो बिचारा चपलांवरच बाहेर आला आणि आर यू ओके, असं विचारू लागला. मी म्हटलं, आज जरा जास्तच साठलाय बर्फ.

याला आता पाच आठवडे झाले. मिशिगनमधल्या नोव्हाय गावच्या आमच्या मराठी मंडळींत तिला सगळे मेनामावशी म्हणायचे. कुणाचा ब्लाउज सैल करायचा असो, कुणाच्या नवऱ्याच्या पोटापायी शेरवानी उसवायची असो, सगळ्यांची धाव तिच्या आल्टरेशनच्या दुकानाकडे. ती पूर्व तिमोरची. नकाशावर शोधायला चष्मा लावावा लागतो एवढा अर्ध्या बेटाचा देश. तीस वर्षांहून अधिक काळ ती फक्त काळे कपडे घालत होती, आणि ते का, हे आमच्यापैकी फार थोड्यांना ठाऊक होतं. तिच्या शेवटच्या दिवसांत मी तिच्याशी एक खोटं बोलले. ते लपवून तिच्याविषयी गोड गोड लिहिणं मला जमणार नाही, म्हणून आधीच कबूल करून टाकते.

आमची ओळखच मुळी एका घोटाळ्यातून झाली. माझी मुलगी इरा दहा महिन्यांची होती, तिची पहिली संक्रांत होती. सासूबाई पुण्याहून हलव्याचे दागिने कापसात गुंडाळून जिवापाड जपत घेऊन आल्या होत्या, आणि बोरन्हाणाच्या फ्रॉकसाठी काळं कापड. शिवायला वेळ कुणाला? मी ते कापड घेऊन लाँड्रोमॅट आणि पिझ्झाच्या दुकानाच्या मधल्या त्या चिंचोळ्या दुकानात शिरले. मशीनवर एक ठेंगणी, सावळी बाई बसली होती, पायापासून गळ्यापर्यंत काळ्यात. तिनं कापड पाहिलं, मापं पाहिली आणि विचारलं, किती महिन्यांची? मी सांगितलं. तिनं माझ्या हातावर हात ठेवला आणि आय अॅम सॉरी म्हणाली. मला वाटलं, वेळेत होणार नाही म्हणून सॉरी. मी म्हटलं, प्लीज, रविवारपर्यंत हवाच. तिनं मान हलवली, कार्यक्रम कुठे आहे ते विचारलं. आपली सवय, मी म्हटलं, तुम्हीही याच हं!

आणि ती आली. क्लबहाउसच्या दारात उभी राहिली, हातात मेणबत्ती, दंडावर फुलांच्या पाकळ्यांची परडी. आत आम्ही चाळीसएक माणसं, नखशिखान्त काळ्यात. काळ्या पैठण्या, काळे कुर्ते, कुणाचा काळा टीशर्ट. मधोमध इरा, काळ्या फ्रॉकवर हलव्याचा मुकुट आणि बाजूबंद घालून, आणि तिच्या डोक्यावर चुरमुरे, चॉकलेटं आणि, बोरं मिळाली नाहीत म्हणून, ब्लूबेरी ओतणं चाललेलं. फिलोमेनाचा चेहरा पाहून मी दाराशी गेले. तिनं विचारलं, "एवढे सगळे? तुमचंही कुणी सापडलं नाही?"

मी हसले. आजही आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते, पण मी हसले आणि तिला सणाची माहिती पुरवली, की वर्षातून हा एकच दिवस आम्हाला काळं चालतं, थंडीत ऊब देतं वगैरे. तोवर सासूबाई आल्या, तिच्या हातावर तिळगूळ ठेवून गोड बोला म्हणाल्या, आणि परडी बोरन्हाणासाठीच आणली आहे असं समजून साऱ्या पाकळ्या इराच्या डोक्यावर रित्या केल्या. मेलेल्यांसाठी आणलेल्या पाकळ्या होत्या त्या. फिलोमेना गुडघ्यांवर बसली आणि पोरीच्या जावळातून एकेक पाकळी वेचू लागली. इरानं तिचं बोट धरलं ते सोडेचना.

दुसऱ्या आठवड्यात मी माफी मागायला गेले. तिनं मला स्टुलावर बसवलं आणि हातातली शिलाई न थांबवता सांगायला लागली. आमचं बोलणं इंग्रजीतच, तिचं तुटक, माझं नागपुरी थाटाचं. तिच्या घरची रीत अशी की माणूस गेलं की काळं घालायचं, आणि वर्ष झालं की प्रार्थना करून, जेवण घालून, घरच्यांच्या हातानं ते उतरवायचं. पण त्यासाठी माणूस मातीत ठेवलेलं असावं लागतं. तिचा धाकटा भाऊ जुआंव सापडलाच नव्हता.

तिच्या लहानपणीच शेजारच्या मोठ्या देशाचं लष्कर बेटावर उतरलं होतं. तिचे वडील पहिल्याच वर्षी गेले, विहिरीपाशी उभं करून गोळी घातली त्यांना, आणि ते पाणी गावाला नंतर प्यावं लागलं. ती चोवीस वर्षांची झाली तेव्हा सैनिकांनी एका तरुणाला मारलं. त्याच्यासाठी चर्चमध्ये प्रार्थना करून लोक स्मशानाकडे निघाले, शाळेची पोरं फलक घेऊन पुढे. जुआंव सतरा वर्षांचा, निळा शर्ट घातलेला. स्मशानाच्या भिंतीशी पोचले आणि गोळीबार सुरू झाला. फाटक अरुंद. माणसं एकमेकांवर पडत आत घुसली, खालची गुदमरून मेली. भिंतीवर चढणाऱ्यांना पाठीत गोळ्या लागत होत्या आणि ती माणसं जिथून चढली तिथेच परत पडत होती. फिलोमेना दोन थडग्यांच्या मधल्या जागेत शिरली. तिच्या अंगावर एक बाई पडली, आणि त्या बाईचं रक्त तिच्या तोंडात जात होतं. ते थुंकायचीही सोय नव्हती, कारण सैनिक आता थडग्यांमधून चालत, जो हलेल त्याला संगिनीनं भोसकत होते. मग त्यांनी ट्रक आणले. मेलेले आणि जिवंत, पाय धरून ओढले आणि एकावर एक टाकले. जुआंव त्या ट्रकमध्ये गेला, जिवंत. तिनं पाहिलं.

नंतर तिलाही उचललं. तिच्या डाव्या दंडावर सिगारेटच्या चटक्यांची एक ओळ होती, मोजायला तिनं कधी दिली नाही. काही वर्षांनी जगाच्या देखरेखीखाली मतदान झालं, लोकांनी स्वातंत्र्य मागितलं, आणि निकालासरशी शहर पेटलं. कोयते घेतलेल्या टोळ्या घरोघर फिरल्या. मायलेकी डोंगरात पळाल्या, तिथे आईला ताप भरला. मरताना आईनं बजावलं, जुआंव मातीत जाईल तेव्हाच काळं उतरव. आईला पुरलं तेही काळ्यातच. स्वातंत्र्य आलं, झेंडा चढला. मदतपथकाचे ट्रक दुरुस्त करायला आलेल्या मिशिगनच्या एका भल्या मेकॅनिकशी तिनं लग्न केलं, काळ्यातच. तो तिला इथे घेऊन आला आणि आठ वर्षांत हृदयविकारानं गेला. "त्याचं काळं मी उतरवलं," ती म्हणाली, "फक्त आतलं राहिलंच." मी घरी येऊन नवऱ्यावर, अनिरुद्धवर, विनाकारण ओरडले. शाळेत स्वातंत्र्यलढ्याची कारणं आणि परिणाम पाठ करून मी पैकीच्या पैकी गुण मिळवले होते, आणि मला काही म्हणजे काही माहीत नव्हतं.

ती मोठी गोडगोड बाई होती असा समज होऊ नये. चांगलीच खमकी होती. "पण आता देश स्वतंत्र झाला ना," असं कुणी म्हटलं की ती कात्री खाली ठेवायची आणि त्या माणसाचं कापड परत करायची. इरा आठ वर्षांची असताना मंडळानं पंधरा ऑगस्टला मुलांचं नाटुकलं बसवलं होतं. गणवेश फिलोमेनानं शिवले. तालमीत एका बाजूच्या पोरांनी लाकडी बंदुका रोखून ठो ठो केलं आणि दुसऱ्या बाजूची पोरं हात पसरून, खिदळत, पटापट आडवी झाली. फिलोमेना सुया तोंडात धरून बसली होती. तिनं त्या काढून सुयांच्या गादीत खोचल्या आणि उठली. "माणूस असा पडत नाही," म्हणाली, आणि पोरांसमोर पडून दाखवलं. आधी नुसती थांबली. पोटाकडे पाहिलं, आपल्यावर कुणीतरी काही सांडलंय असं. दोन्ही हातांनी ते आत ढकलायला लागली. मग बसली, मग एका कुशीवर कलली, आणि टाच किती तरी वेळ जमिनीवर घासत राहिली... एकही पोर हसलं नाही. दोघं रडायला लागली.

मंडळात मग याचं रामायण झालं. मुलांना ट्रॉमा दिला म्हणे. एका काकांनी मला फोन करून सुचवलं की तिला यापुढे नुसतं शिवायला सांगावं. मी त्यांना जे बोलले ते छापण्यासारखं नाही, आणि त्यानंतर दोन वर्षं आम्हाला दिवाळीचं आमंत्रण आलं नाही. नाटुकलं मात्र झालं. इरा त्यात पडायची होती. ती फिलोमेनानं दाखवलं तशीच पडली, आणि हॉलमध्ये टाळ्या वाजल्या नाहीत.

तिच्या बेटावर अजूनही अधूनमधून एखाद्या खड्ड्यात हाडं सापडतात. तिनं डीएनए जुळवायला गालाच्या आतला नमुना तिकडच्या प्रयोगशाळेत कधीच पाठवून ठेवला होता. तिच्या मोठ्या बहिणीची मुलगी लुसिया त्यांच्या राजधानीत, दिली शहरात, नर्स आहे, ती सगळा पत्रव्यवहार पाहते. गेल्या पानगळीत लुसियानं कळवलं की एका टेकडीच्या उतारावर काही सांगाडे मिळालेत, तपासणी चालू आहे. त्याच महिन्यात फिलोमेनाला स्वादुपिंडाचा कॅन्सर निघाला. डॉक्टरांनी ऑपरेशनचं नावही काढलं नाही.

हॉस्पिसमध्ये ती गाऊनवरून काळा स्वेटर घालून असायची. आंघोळीपुरताही काढू द्यायची नाही, नर्सनं प्रयत्न केला तर चावली तिला. रोज मी गेले की एकच प्रश्न, ईमेल आली? मी म्हणायची, अजून नाही. एका दुपारी तिनं मला जवळ बोलावलं आणि तीस वर्षांत कुणाला न सांगितलेलं सांगितलं. ट्रकमध्ये टाकेपर्यंत जुआंव हाक मारत होता, ताई, ताई करून, तिलाच. तो दहा पावलांवर होता.

"मी ओ दिली नाही," ती म्हणाली. "मला जगायचं होतं."

ती जाण्याआधी दोन दिवस डॉक्टर म्हणाले, आता बोलायचं असेल ते बोलून घ्या. मी इराला शाळेतून उचललं आणि गेले. फिलोमेनाचा आवाज जवळजवळ गेला होता, नुसत्या ओठांनी विचारलं, ईमेल? आणि मी म्हणाले, "आली. सापडला जुआंव." ठरवून नव्हते गेले. तोंडातून निघून गेलं.

ती माझ्याकडे बघत राहिली. इराही बघत होती. मग फिलोमेनानं विचारलं, "पुढचा दात तुटलेला होता?" मी म्हटलं, हो, तुटलेला होता. "डावा?" मी म्हटलं, डावा. तिनं डोळे मिटले, आणि मला वाटलं संपलं. पण ती म्हणाली, "मग काढ."

मी स्वेटरची बटणं काढली. हात बाह्यांतून सोडवताना तिला किती दुखत होतं ते दिसत होतं, तरी तिनं हूं की चूं केलं नाही. दंडावरचे चटके मी पहिल्यांदा पूर्ण पाहिले. खाली नुसता पातळ गाऊन, ती थरथरायला लागली. इरानं स्वतःचा पिवळा हुडी डोक्यावरून ओढून काढला आणि आम्ही दोघींनी मिळून तो तिला घातला. इरा म्हणाली, "यू लुक नाइस, मावशी." त्याच पिवळ्या हुडीत ती गेली आणि त्यातच आम्ही तिला मातीत ठेवलं. फ्युनरल होमच्या माणसानं दोनदा विचारलं, नक्की ना?

तपासणीचा निकाल मागच्या सोमवारी आला. जुळलं नाही. ती हाडं दुसऱ्याच कुणाची. मी लुसियाला फोन केला आणि सगळं ओकून टाकलं, मी कशी खोटं बोलले, तुटक्या दाताचंही कसं हो म्हणाले. मग तिनं विचारलं, "कुठला तुटका दात? मामाचा एक हसतानाचा फोटो आहे आमच्याकडे. सगळे दात धड आहेत. डोंगरात पळताना मावशीनं घरातून तो फोटो तेवढा घेतला होता."

तेव्हापासून मला नीट झोप नाही. मी समजत होते की मी तिला फसवलं आणि त्याचं पाप घेऊन बसले होते. तिनं तर मला दोनदा विचारलं होतं. पहिल्यांदाच कळलं असणार तिला, तरी पुन्हा विचारलं, खरं बोलायची संधी दिली, आणि मी डावा म्हणाले. तरीही तिनं काळं उतरवू दिलं. माझ्यावर दया म्हणून, की इरासमोर मला खोटं पाडायचं नव्हतं म्हणून, की दमली होती म्हणून... मला कळत नाही, आणि मला तिचा रागही येतो. आईचा शब्द मोडून गेली ती, आणि तो मोडायला तिनं माझे हात वापरले. घरच्यांच्याच हातानं उतरवायचं असतं, ती म्हणायची. मला ती कोण समजत होती हे मला तिच्या तोंडून ऐकायचं होतं.

काल लुसियानं प्रयोगशाळेचा फॉर्म पाठवला. फिलोमेनाचा नमुना तिथे राहणारच आहे, पण ज्यांना कळवायचं त्यांत तिच्या जागी आता दुसरं नाव लागतं. मी माझं घातलं. स्वयंपाकघरातल्या टेबलावर मी सांगत गेले आणि इरा लॅपटॉपवर टाइप करत गेली. वय, सतरा. कपडे, निळा शर्ट. शेवटचं कुठे पाहिलं, कुणी पाहिलं. दातांच्या रकान्यापाशी ती थांबली आणि माझ्याकडे बघायला लागली.

मी म्हटलं, "लिही. सगळे शाबूत होते."