दुखत नाही, खाजते

“सौतेली आहे न, डागलं असनच तिनं.”

ठाण्याच्या व्हरांड्यात कोणीतरी बोललं. पोलिसांची नोकरी सोडून मला दोन वर्षं झाली, तरी ते वाक्य कानातून गेलेलं नाही. तेव्हा मी रायपुरात गुढियारीकडच्या एका ठाण्यात नवी उपनिरीक्षक होते.

शेजाऱ्याने फोनवर खबर दिली होती: सहा वर्षांच्या मुलीचा पाय सावत्र आईने तापल्या सराट्याने, म्हणजे उलथन्याने, डागला. बाप ट्रक घेऊन बाहेरगावी गेलेला. नागपूरकडून आलेल्या त्या घरातल्या तिघींना, म्हणजे सावत्र आई, आत्या आणि मुलगी यांना, ठाण्यात आणलं होतं.

आई माझ्याच वयाची. विचारलं की एकच उत्तर, “मले नाही माहीत, मॅडम.” आत्याकडे मात्र प्रत्येक गोष्टीचं कारण तयार होतं. “पोट्टीवर जीवच नाही हिचा. पायले हात लावू देत नाही पोट्टी, पाहा न!”

डॉक्टरकडे पाठवायच्या फॉर्मवर अंगावर दिसणाऱ्या खुणांचं वर्णन आम्हीच लिहायचं असतं. मुन्शीने, म्हणजे ठाण्याच्या कारकुनाने, पेन पुढे केलं. “लिखो मॅडम, जलाने के निशान. फिर इस सौतेली को अंदर बिठाते हैं.”

मी घरात नागपुरी बोलणारी, इंग्रजी शाळेत शिकलेली, ठाण्यातली हिंदी पटकन तोंडात यायची नाही. म्हणून बोलायच्या आधी बघायची सवय लागली होती. मी मुलीसमोर खाली बसले.

“दुखते काय?”

“नाही. खाजते.”

मी पाय नीट पाहिला. घोट्यावर काळपट, चिकट डाग. त्याची कड वाकडीतिकडी. भोवती लाल सूज आणि पाण्याने भरलेले बारीक फोड. डागापासून टाचेपर्यंत एक बारीक काळी रेघ, ओघळ सुकावा तशी. सराट्याचा चटका सराट्याच्या आकाराचा उठतो. तो ओघळत नाही.

“फोड कधी आले?”

“काल,” मुलगी म्हणाली. “डाग परवा पडला, पाय मुरगळला तवा.”

चटक्याचा फोड दुसऱ्या दिवसाची वाट पाहत नाही. मी आत्याकडे वळले. तिचा उजवा हात मघापासून पदराखाली होता.

“हात दाखवा, आत्याबाई.”

“काहून?”

“दाखवा.”

अंगठ्यावर आणि तर्जनीवर तेच फोड, नखाशी तोच काळा डाग.

“बिब्याचा चीक लावला?”

ती खाली बसली. “सूज उतरते म्हून लावला वं माय. तेलात कालवाचा राहिला. मंग फोड पाहून भेव वाटलं. पोट्टीले म्हटलं, सांगू नको.”

मी फॉर्मवर रंग, कड, फोड, ओघळ, सगळं लिहिलं. जळल्याचं लिहिलं नाही. तासाभरात डॉक्टरांचा शेरा आला: बिब्याच्या तेलाने उठलेले फोड, भाजल्याची खूण नाही. मुन्शी फॉर्म वाचून म्हणाला, “मॅडम, आप तो डॉक्टर निकलीं!” पहिल्यांदाच मी ठाण्यात मोठ्याने हसले.

त्या दिवशी मी एक शिकले. आधी कातडी पाहावी, नातं मागून विचारावं. आम्ही सगळ्यांनी उलट केलं होतं.

मुलगी आईच्या कडेवर चढली. फाटकाशी मोहल्ला जमलेलाच होता. बाया कुजबुजत होत्या, वाट कोणी देईना. आईची मान खाली. गर्दीसमोर माझा आवाज कधी निघत नसे. त्या दिवशी निघाला.

“कोणी डागलं नाही हिले. बाजूले व्हा, पोट्टीची आई येऊन राहिली!”