पाण्याच्या दिवशीची अपॉइंटमेंट

समुपदेशक बाईंची गुरुवारी साडेअकराची वेळ मी नीट हिशेब करूनच घेतली होती. आमच्या मुकुंदवाडीच्या गल्लीत नळाला आठ-नऊ दिवसांनी पाणी येतं. त्या आठवड्यात ते बुधवारी यायचं होतं. बुधवारी हौद भरला की गुरुवारी मी मोकळी. घरात सांगितलं, उस्मानपुऱ्यात दात दाखवायला जातेय. खोटं बोलावं पण रेटून बोलावं, म्हणून उजवीकडची खालची दाढ, असंही सांगून टाकलं. नवऱ्यानं मान डोलावली आणि तो कंपनीच्या बसला पळाला. सासूबाईंनी मात्र लवंग आणून दिली. चार दिवस मी ती धडधाकट दाढेखाली धरून हिंडत होते.

दुखत वेगळंच होतं. उन्हाळ्यापासून झोप उडाली होती. लेकीच्या बडबडीला नुसतं 'हं' म्हणायचंही जिवावर यायचं. आणि अंगणातला तो हौद. जमिनीखाली बांधलेली टाकी, माणूस आत उतरेल एवढं तोंड, त्यावर लोखंडी झाकण. पाणी किती चढलं ते बघायला मी वाकायची ती वाकलेलीच राहायची. खाली काळं पाणी, काही आवाज नाही. तिथं किती शांत असेल, असं वाटायचं. एकदा लेक शाळेतून येऊन माझ्या मागं कितीतरी वेळ उभी होती आणि मला पत्ताच नव्हता. त्या दिवशी मला स्वतःची भीती वाटली, आणि मी बाईंचा नंबर शोधला.

मागच्या पाण्यापासून सासूबाई झाकणावर जुना पाटा ठेवायला लागल्या होत्या. मांजर पडेल म्हणे. आमच्या गल्लीत कुत्री ढीगभर आहेत, मांजर मी कधी पाहिलेलं नाही. म्हातारीचं खूळ म्हणून मी सोडून दिलं.

बाईंनी मोबाइलवर फॉर्म पाठवला होता. झोप, भूक, चिडचिड, सगळं मी खरं भरलं. नववा प्रश्न होता, जगू नये असं वाटतं का? पर्याय तीन. कधीच नाही, कधी कधी, जवळजवळ रोज. मी 'कधीच नाही' निवडलं. पहिल्याच भेटीत बाईंना कशाला घाबरवायचं! पाहुणे आले की आपण फाटकी चादर आत टाकतो, तसंच ते. पाठवायचं बटण तेवढं दाबायचं राहिलं होतं.

बुधवारी पाणी आलंच नाही. कुठंतरी पाइपलाइन फुटली होती. गुरुवारी सकाळी गल्लीच्या ग्रुपवर निरोप पडला, आज अकरा वाजता पाणी. वाचून हायसं वाटलं. पाण्याच्या दिवशी आमच्याकडे कुणी घर सोडत नाही. सासूबाई तर सख्ख्या पुतण्याच्या हळदीलाही पाणी भरून झाल्यावर पोचल्या होत्या. भेट टाळायला याहून सभ्य कारण मिळालं नसतं. पण टाळली तर नवरा कामावर, लेक शाळेत, आणि अकरा वाजता हौदापाशी मी.

तरीही मी बाईंना लिहायला घेतलं, 'आज जमणार नाही'. तेवढ्यात नळ घरघरला. पाण्याआधी हवा येते, तिचा तो आवाज.

"आत्या, दाताचं पुढच्या आठवड्यात बघू," मी सासूबाईंना म्हणाले.

त्या पाइप उलगडत होत्या. "नाय. आजच जा."

"आज पाणी आहे ना."

"मला दिसतंय की पाणी हाय ते. मी भरते."

"दाढ काय, थांबेल हो."

"दाढेचं ऱ्हाऊ दे." त्यांनी पाइप खाली ठेवला. "तीन पाण्यांपासून बघतेय मी. झाकण उघडून बसतीस. हाक मारली तरी वर बघत नाय. पाटा काय मांजरासाठी ठेवला व्हय?"

मला खूप लाज वाटली. मग रडू आलं, पण त्यांनी जवळ घेतलं नाही, तशी त्यांची रीतच नाही. त्यांनी प्लास्टिकची खुर्ची ओढत आणली आणि हौदाच्या तोंडाशी टाकली. गुडघे दाबत दाबत तिच्यावर बसल्या. संधिवातानं त्यांना अर्धा तासही एका जागी बसवत नाही.

"मी इथं हाय," त्या म्हणाल्या. "तू येस्तोवर उठत नाय. जिथं जायचंय तिथं जा. अन् तिथं तरी खरं सांग."

रिक्षात बसल्यावर मी लिहिलेला निरोप पुसला आणि फॉर्म उघडला. नवव्या प्रश्नावर 'जवळजवळ रोज' निवडलं. पाठवायचं बटण दाबलं. रिक्षा पुढं चालली होती आणि मागं अंगणात हौद भरत होता. त्याच्या तोंडाशी म्हातारी बसली होती, आणि मी परत गेल्याशिवाय ती उठणार नव्हती.