मुका पंचम

दुरुस्तीला आणलेले कोणतेही वाद्य समोर ठेवले की ते प्रथम त्याचा वास घेत. झाकण उघडून नाक आत घालत आणि मालकाकडे न पाहता विचारत, “काय मारलंत?”

बिजागरीचे तेल, अत्तर, खोबरेल. लोकांनी काहीही मारलेले असे. उत्तर मात्र ठरलेले: “काही नाही हो.” त्यावर ते वाद्य परत सरकवीत. “मग आपोआप बरं होईल.”

सदाशिव पेठेत जुने सिंथेसायझर दुरुस्त करणारे ते एकटेच, म्हणून आम्ही सारे त्यांना सहन करीत होतो. मला ते मुळीच आवडत नसत.

संस्कृत शिकवून निवृत्त झाल्यावर मी एका मोडलेल्या ऑर्केस्ट्रातला सिंथेसायझर घेतला आणि क्लास लावला. प्रथमच चारचौघांसमोर वाजवण्यास आठ दिवस उरले असताना मधल्या सप्तकातला पंचम खरखरू लागला. आत पाहिले, तर पट्टीखालची केसाएवढी तार काळवंडलेली. प्लग काढून मी ती आणि शेजारची, समया उजळायच्या पावडरीने घासली. तारा लखलखल्या. पंचम गेला, धैवतही गेला.

“काय मारलंत?”

“काही नाही.” आयुष्यभर खरे बोलण्याची सुभाषिते शिकवलेली मी हे म्हणाले.

त्यांनी दिवा जवळ ओढला. “देवघर झालंय आत. बाई, ह्या तारेवर सोन्याचा मुलामा होता. तो घासून काढलात, वर खोटं बोलता. न्या हे.”

रात्रभर मी त्यांना मनात शिव्या दिल्या. सकाळी पुन्हा दारात उभी राहिले आणि दोन गिऱ्हाइकांदेखत म्हणाले, “समयांची पावडर. मीच घासली.”

एक गृहस्थ हसले. ते त्यांच्यावर कडाडले, “आपण हसू नका. आपण खोबरेल घातलंय, ते अजून कबूल केलेलं नाही.” मग मला म्हणाले, “बसा. हात लावू नका.”

वाद्य उघडण्याआधी त्यांनी अर्धा तास नुसते थांबवले. “प्लग काढला तरी वीज आत बसून असते. ती उठेपर्यंत गप्प राहायचं.” मग लग्नपत्रिकेची कोरी पट्टी अल्कोहोलमध्ये भिजवून प्रत्येक तारेखालून हलकेच ओढली. कागदावर काळी रेघ उमटे. “घासायचं नाही, ओढायचं. समजलं का, प्राध्यापक?”

घासलेल्या तारा मात्र वाचण्यासारख्या नव्हत्या, आणि नव्या कोठेच मिळत नव्हत्या. त्यांनी उजव्या टोकाच्या शेवटच्या दोन पट्ट्यांच्या तारा काढल्या आणि पंचम-धैवताला बसवल्या. “टोकाच्या दोन आता मुक्या. या जन्मी तुमचा हात तिथवर पोचत नाही.”

पंचम वाजला. मी आभार मानू लागले, तर म्हणाले, “मागे गिऱ्हाईक उभं आहे.”

कार्यक्रमात मी दोनदा चुकले. पंचम चुकला नाही.

गेल्या वर्षी ते वारले. दुकानात आता मोबाईलची कव्हरे मिळतात.

परवा सराव करताना एका जलद तानेत माझा हात प्रथमच उजव्या टोकापर्यंत धावला. पट्टी खाली गेली; नुसते टक् झाले. तशीच उठून चप्पल घालू लागले, त्यांना जाऊन सांगायला. एक पाय चपलेत असताना आठवले.