हनीफचाचांचा डिसमिस

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिला तर माझ्या लपवलेल्या विड्यासुद्धा सापडतात.

खोपोलीत माझं गॅरेज आहे. टेबलामागं खिळ्याला एक जुना डिसमिस टांगलाय — स्क्रूड्रायव्हरला आम्ही तेच म्हणतो. लाकडी मूठ, वीतभर पातं. माझे उस्ताद हनीफचाचा यानंच कार्ब्युरेटरचा स्क्रू लावायचे, पॉइंटची फट बसवायचे. पण याचं खरं काम वेगळंच. चालू इंजिनावर टोक टेकवायचं, मूठ कानाला लावायची — आतलं दुखणं ऐकू येतं. म्हणजे, ज्याला येतं त्याला.

मला कधीच आलं नाही. नुसती घरघर. दहा वर्षं मी मान डोलवत होतो, हे कुणाला आणि कसं सांगणार?

चाचा थकले तेव्हा म्हणाले, ज्याचा कान खरा, डिसमिस त्याचा. गॅरेजही त्यानंच चालवायचं. आम्ही दोघंच होतो — मी आणि ठाकूरवाडीचा शंकर. एका जुन्या जीपचं इंजिन चालू ठेवून, बिघाड ओळखायला सांगून चाचा नमाजाआधी हातपाय धुवायला नळावर गेले. शंकरनं आधी ऐकलं आणि मला हळूच म्हणाला, "तिसऱ्या सिलिंडरचं बेअरिंग वाजतंय रं. नीट ऐक." मित्र होता ना — मलाही ऐकू यावं, म्हणून सांगितलं त्यानं.

चाचा परत आले. मी पुढं झालो, डिसमिस कानाला लावला, डोळेसुद्धा मिटले — नाटक करायचं तर पुरतं करावं! — आणि म्हणालो, तिसरा.

शंकर म्हणाला, "मला बी तिसराच."

चाचा शंकरकडं बघून हसले. "त्याचं ऐकून सांगू नको रं. इंजिनाचं ऐक."

शंकरनं माझ्याकडं पाहिलं. माझा एक शब्द पुरला असता. मी काय केलं? मीही हसलो.

डिसमिस माझा झाला, गॅरेजही. शंकर रसायनीला एका कारखान्यात पिंपं उचलायला लागला. आयुष्य तिथंच गेलं त्याचं. मला लोक कानवाला मिस्त्री म्हणू लागले, आणि मी कित्येक इंजिनं नुसत्या अंदाजानं खोलली. आता मशीन जोडलं की बिघाड स्क्रीनवर दिसतो, म्हणून निभावतंय. त्या नावाची मला लाज वाटते. नाव मात्र मी सोडलेलं नाही.

परवा शंकर पाहुण्याच्या टेंपोतून आला. उतरता उतरताच म्हणाला, व्हॉल्व्ह सैल हाय. मग भिंतीपाशी जाऊन त्यानं डिसमिस काढला.

"अजून ऐकतोस याच्यातनं?"

"रोज," मी म्हणालो.

त्यानं मुठीवरची धूळ शर्टाला पुसली आणि डिसमिस परत खिळ्याला लावला.