भाव उतरवणारी दोन्का

समाजवादी राजवटीत दोन्का याम्बोल गावच्या सरकारी बेकरीत भट्टीवर होती. ऐन तिशीत, पदरी लहान मुलगी असताना नवरा गेला, तेव्हा बेकरीचे संचालक मेतोदींनी राजधानी सोफियाला खेटे घालून, सरकारी घरांची रांग मोडून तिला दोन खोल्या मिळवून दिल्या. मग राजवट पडली, बेकरी मोडीत निघाली. पिठाची गिरणी मेतोदींनीच विकत घेतली. दोन्काने घराखालच्या गाळ्यात स्वतःची भट्टी पेटवली.

गावातले बेकरीवाले मेतोदींकडे जमत, राकिया नावाची दारू पीत पावाचा भाव ठरवत. दोन्काही त्यात असायची. पण एका हिवाळ्यात पेन्शनीवर जगणारे म्हातारे येऊन, खाली बघत, अर्धाच पाव मागू लागले. तिला ते बघवेना. तिने एकटीने भाव उतरवला.

आणि गिरणीतून पीठ यायचं बंद झालं.

"संपलंय," मेतोदी म्हणाले.

"साहेब, दारात ट्रक भरताहेत की!"

"ते शब्द पाळणाऱ्यांसाठी. तू कोण मोठी दानशूर लागून गेलीस?"

दोन्काने सोफियाची बस पकडली आणि व्यापाऱ्यांच्या संगनमतावर नजर ठेवणाऱ्या स्पर्धा आयोगाकडे तक्रार केली. भाव ठरवायच्या त्या बैठकांना आपणही असायचो, हेही तिने लपवलं नाही. चौकशी झाली. गिरणीला जबर दंड बसला; पीठ सगळ्यांना द्या, असा हुकूम निघाला.

मेतोदी दुकानात आले. आवाज चढला नव्हता.

"सगळी हयात आपण टेबलाभोवती बसूनच भाव ठरवले ना गं? तेव्हा त्याला नियोजन म्हणायचे. मला पदक दिलं त्याबद्दल. आज मी चोर?"

"तेव्हा तुम्ही कुणाचं पीठ अडवलं नव्हतंत, साहेब."

"आणि तुझ्या घरासाठी नियम मोडला, तेव्हा कुठे तक्रार केलीस?"

दोन्का फळीवर पाव रचू लागली. मेतोदी निघून गेले.

दंडाने गिरणी डबघाईला आली. प्लोव्हदिव शहरातल्या एका कंपनीने ती घेतली, गिरणीच्या शेजारीच मोठी बेकरी टाकली. तिथला पाव दोन्काच्या पावाहूनही स्वस्त. म्हाताऱ्या वेलिकाआजी ओशाळून म्हणाल्या, "रागावू नकोस गं बाई, आता तिथूनच घेते; पेन्शन पुरत नाही."

"जा की आजी. त्यासाठीच तर भांडले," दोन्का म्हणाली, आणि आत जाऊन तिने उद्याच्या पावांसाठी निम्मंच पीठ काढलं.

वसंतात तिने गाळा बंद केला. आता ती त्याच कंपनीत पाव पिशव्यांत भरते. रस्त्यात मेतोदी दिसले तर तेच पलीकडे वळतात.

"आई, पुन्हा केलं असतंस?" मुलीने एकदा विचारलं.

"केलं असतं," दोन्का म्हणाली. "पण आधी त्यांच्या तोंडावर सांगून. तेवढं चुकलंच माझं."